न वाचलेली चार वचनं

दादाभाऊ उजागरे पाळक उपदेश शेवटाकडून लिहायचे. लांब वहीचं एक पान घ्यायचं, त्याच्या तळाशी लाल पेनानं ख्रिस्ताबद्दलचं एक वाक्य लिहायचं, आणि मग पानाच्या माथ्यावर जाऊन निळ्या पेनानं त्या वाक्यापर्यंत उतरायची वाट शोधायची. जुन्या करारातली कुठलीही गोष्ट असो, लढाई असो, लांबलचक वंशावळ असो, नाहीतर घराच्या भिंतीला बुरशी आली तर काय करावं याचा नियम असो, पानाच्या तळाशी ख्रिस्त उभाच असायचा. बत्तीस वर्षांत अशा एकेचाळीस वह्या भरल्या. जुन्नरला त्यांच्या घरी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत त्या अजून आहेत. त्यांच्या पत्नी उज्ज्वलाबाई म्हणायच्या, यांना किराण्याची यादी करायला बसवलं तरी हे शेवटी लाल पेन शोधतील.

ही काही त्यांची लहर नव्हती. पुण्याला पाळकपणाचं शिक्षण घेताना त्यांना एक म्हातारे प्राध्यापक होते. पहिल्याच वर्षी दादाभाऊंनी वर्गापुढं प्रामाणिकपणावर उपदेश करून दाखवला. घाम फुटेस्तोवर केला. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हेच सगळं गावातले हेडमास्तर पंधरा ऑगस्टला सांगत नाहीत का? मग तू कशाला जायचंस? लोकांना चांगलं वागा म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्याला ते जमलेलं नाही त्याच्यासाठी कोणी काय करून ठेवलंय, ही बातमी मात्र तुलाच द्यायची आहे. दादाभाऊ त्या दिवशी ओशाळले ते ओशाळले, पण ते बोलणं त्यांच्या हाडात जाऊन बसलं.

पुढं त्यांच्या वाट्याला तीन मंडळ्या, म्हणजे तीन गावांची चर्चं, आली. जुन्नरची थोरली, ओतूरची मधली, आणि आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या काठावर उंबरवाडीची धाकटी. ओतूर तर उज्ज्वलाबाईंचं माहेरच. उंबरवाडीत ख्रिस्ती घरं मोजून अकरा, चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, आणि उपासना महिन्यातून दोन रविवारी, तीही दुपारी, कारण सकाळी पाळक जुन्नरला अडकलेले असायचे. त्यांच्या आधीचे पाळक मोठे कडक होते. व्यासपीठावरून नावं घेऊन झोडपायचे. जत्रेत कोण तमाशाला बसला, कोणाच्या घरी भांडण झालं, सगळ्याचा हिशेब तिथं व्हायचा. रामदास नावाचा एक ट्रॅक्टरवाला पितो म्हणून त्याच्यावर तर अख्खे उपदेश खर्ची पडले होते. तेव्हापासून रामदास बायकोपोरांना चर्चच्या दारात सोडायचा आणि स्वतः बाहेर कडुनिंबाखाली उभा राहायचा.

दादाभाऊंनी पहिल्या वर्षी तिथं अब्राहामाची गोष्ट घेतली. मुलाचा बळी द्यायला निघालेला बाप, आणि ऐन वेळी झुडपात शिंगं अडकलेला मेंढा. मुलाच्या जागी तो मेंढा वेदीवर गेला, तसाच तुमच्या-माझ्या जागी कोणी गेलाय, एवढंच त्यांनी सांगितलं. दारूचं नाव काढलं नाही, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या उपासनेला रामदास आत आला आणि चपलांच्या ढिगाशेजारी बसला. दारू काही लगेच सुटली नाही, चांगली अडीच वर्षं लागली, पण तो परत कधी बाहेर उभा राहिला नाही. नंतर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की सोड म्हणून पाळकबुवांनी मला एकदाबी सांगितलं न्हाई, म्हणून सुटली.

अशा दोन-चार माणसांमुळं दादाभाऊंचा लाल पेनावरचा विश्वास पक्का झाला, आणि तो काही खोटा विश्वास नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढं जे झालं ते वाचून कोणी त्या माणसाला आणि त्याच्या उपदेशाला एकाच फटक्यात मोडीत काढायचा.

उंबरवाडीत लंकाबाई होत्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा सुनील, सून, आणि अकरा वर्षांची नात संस्कृती. धरणाच्या काठाला दीड एकर जमीन. लंकाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण चर्चमधली त्यांची जागा ठरलेली होती, डाव्या बाजूला खिडकीखाली, आणि त्या उपदेश ऐकताना पाळकांच्या तोंडाकडे अशा बघायच्या, की वहीवरून नजर उचलायची तर दादाभाऊ ती तिकडंच उचलायचे.

२०१६ च्या मे महिन्यात धरण खूप खाली गेलं. पाणी उतरतं तसं काठावरच्या लोकांना मोटर आणि पाइप पुढं पुढं न्यावे लागतात. जिथं महिन्यापूर्वी पाणी असतं तिथं ढोपरभर चिखल होतो, बुडालेल्या जुन्या गावाची जोती वर येतात, बाभळीची खोडं दिसायला लागतात. एका सकाळी सुनीलच्या पाइपाच्या तोंडाची जाळी गाळात रुतली. ती मोकळी करायला तो पाण्यात उतरला, तीन-चारदा बुडी मारून वर आला, आणि नंतर आलाच नाही.

पोहणारे आले, बोट आली. चार दिवस शोध झाला. कुठल्या तरी खोडाखाली अडकला असेल, पाणी आणखी उतरलं की दिसेल, असं म्हणून चौथ्या दिवशी संध्याकाळी लोक थांबले. त्यांचाही काही दोष नव्हता. लंकाबाई मात्र पहिल्या दिवशी जिथं बसल्या होत्या तिथून उठल्या नाहीत. चिखलाच्या कडेला गोणपाट टाकून त्या बसून राहिल्या. कावळे उतरले की उठायच्या, कुत्री आली की दगड घ्यायच्या. तो कुठल्याही काठाला लागला तर कुत्र्यांच्या आधी आपल्या नजरेला पडावा, एवढंच त्यांचं म्हणणं. दिवसा उन्हात नात शेजारी बसून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची. त्या एकच भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावायच्या. रिस्पाचा.

ही रिस्पा फारशी कोणाला माहीत नसते. दावीद राजाच्या काळातली विधवा. राजकारणात तिच्या दोन मुलांना फाशी झाली, आणि प्रेतं डोंगरावर उघडी टाकली गेली. ती तिथं खडकावर गोणपाट अंथरून बसली. कापणी सुरू झाल्यापासून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना तिनं मुलांच्या अंगाला शिवू दिलं नाही. लंकाबाईंना ही गोष्ट लहानपणी त्यांच्या आईनं सांगितली होती.

वाडीत कुजबुज सुरू झाली. धर्माजी हे तिथल्या मंडळीचे वडील, म्हणजे पाळक नसताना सगळं बघणारे. माणूस सरळ, पण जिभेला आवर नाही. ते चारचौघांत बोलून गेले, की आपण ख्रिस्ती माणसं, पुनरुत्थानावर भरवसा असलेली. ही तर आशा नसल्यागत बसलीय, लोक काय म्हणतील. ते शब्द काठापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. लंकाबाईंनी जागा सोडली नाही.

सहाव्या दिवशी भीमाशंकरला निघालेला कोणी शिक्षक रस्त्यावर थांबला, त्यानं त्या बसलेल्या बाईचा फोटो काढला आणि काय झालंय ते विचारून घेतलं. तो फोटो फिरत फिरत घोडेगावला कोणा साहेबांच्या मोबाइलवर गेला. आठव्या दिवशी बोट परत आली. नवव्या दिवशी सकाळी एका खोडाखालून सुनीलला बाहेर काढलं.

उंबरवाडीत एक जुनी रीत आहे. माणूस गेल्यावर महिन्यानं स्मरणाची उपासना होते, आणि त्या दिवशी कुठला शास्त्रभाग वाचायचा ते पाळकांनी नाही, घरच्यांनी ठरवायचं. पाळकांनी तोच वाचायचा आणि त्यावरच बोलायचं. लंकाबाई त्यासाठी मुद्दाम एस.टी. बदलत जुन्नरला आल्या. उज्ज्वलाबाईंनी त्यांना जेवायला घातलं. जेवण झाल्यावर लंकाबाईंनी दादाभाऊंना सांगितलं, "रिस्पाचं घ्या, पाळकबुवा. आठव्या वचनापासून चौदाव्यापर्यंत. समदं वाचा."

दादाभाऊ हो म्हणाले. त्याच दुपारी वही उघडून त्यांनी पानाच्या तळाशी लाल वाक्य लिहिलं. झाडावर टांगलेला पुत्र, आणि त्याच्याजवळ उभी असलेली आई. इतकी सरळ वाट त्यांना क्वचितच सापडली असेल. रिस्पाच्या मुलांपासून कालवरीपर्यंत, म्हणजे क्रुसाच्या टेकडीपर्यंत, पाच मिनिटांत पोचता येत होतं. फक्त शेवटची चार वचनं, म्हणजे अकरा ते चौदा क्रमांकाच्या ओळी, वाटेत आडवी येत होती. त्यांत राजा होता, हाडं गोळा करणं होतं, कुठल्या कुठल्या गावांची नावं होती. सगळं वाचत बसलो तर लोकांचं लक्ष उडेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पानाच्या माथ्यावर लिहिलं: वाचन, आठ ते दहा.

आणि मग त्यांनी जो उपदेश केला तो, खरं सांगायचं तर, त्यांच्या चांगल्या उपदेशांपैकी एक होता. पुरुषमाणसंसुद्धा रडली. भर रंगात येऊन ते म्हणाले, "रिस्पा महिनोन्महिने बसली, पण तिच्या बसण्यानं तिची मुलं उठली नाहीत. आपला भरवसा आईच्या बसण्यावर नाही, पुत्राच्या उठण्यावर आहे." या वाक्यात चूक काढायला जागा नाही. धर्माजींनी मान डोलावली, आणि मागं वळून खिडकीखाली बघितलं. ते बघणं अख्ख्या खोलीनं बघितलं.

उपासना संपल्यावर लंकाबाई दारात पाळकांना सलाम करायला थांबल्या. त्यांनी विचारलं, "वाचन तिथंच संपतं का?" दादाभाऊंना वाटलं, बाईंचं मन हलकं झालंय म्हणून विचारतायत. ते म्हणाले, पुढंही आहे थोडं, पण वेळ पुरला नसता. लंकाबाई बरं म्हणाल्या आणि नातीचा हात धरून घरी गेल्या. त्यानंतर त्या चर्चला आल्या नाहीत.

भांडण नाही, तंटा नाही. दादाभाऊ दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. लंकाबाईंनी चहा केला, म्हशीचं दुखणं सांगितलं, निघाले तेव्हा वाटेपर्यंत पोचवायला आल्या. चर्चचा विषय निघाला की गुडघ्याकडे बोट दाखवायच्या. दादाभाऊंनी प्रार्थनेच्या यादीत लिहून ठेवलं: लंकाबाई, विश्वासात स्थिर व्हावी. तीन वर्षं त्यांनी ही प्रार्थना नेमानं केली. बाईंचा विश्वास ढळलाय याबद्दल त्यांच्या मनात एकदाही शंका आली नाही. आज ते आठवलं की त्यांना स्वतःचीच शिसारी येते.

२०१९ ला ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी सूरज आला, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. लाल पेनाची युक्तीही त्यानं उचललेली. दादाभाऊंना त्याचा अभिमान वाटायचा.

मग उज्ज्वलाबाई गेल्या, २०२३ च्या पावसाळ्यानंतर. चार महिने दुखणं काढून गेल्या. जुन्नरला उंबरवाडीची ती रीत नव्हती, पण दादाभाऊंनी ती मागून घेतली आणि शास्त्रभाग स्वतः निवडला. शूनेम गावातली एक बाई, जिनं येत्या-जात्या संदेष्ट्यासाठी घराच्या गच्चीवर एक खोली बांधली, आणि तीत खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा ठेवला. बत्तीस वर्षं उज्ज्वलाबाईंनी दुसरं केलं काय होतं? दोन खोल्यांच्या घरात कोण कोण येऊन राहिलं, कोणाला किती वाजता भाकरी करून घातली, परीक्षेला आलेली वाडीची पोरं कुठं झोपली, ते त्यांनाच ठाऊक. दादाभाऊ पुढच्या बाकावर बसले आणि सूरज त्या खाटेबद्दल, त्या दिव्याबद्दल कधी बोलतो याची वाट बघू लागले.

सूरजनं तीन वचनं वाचली. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, की त्या बाईनं एका माणसासाठी खोली तयार केली, पण आपला प्रभू आपल्या सगळ्यांसाठी जागा तयार करायला गेला आहे. तिथून पुढं वीस मिनिटं तो त्या जागेबद्दल बोलला. सुरेख बोलला. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. आपल्या बायकोचं नाव या उपदेशात पुन्हा येणार नाही हे दादाभाऊंना पाचव्या मिनिटालाच कळलं, कारण पानाच्या तळाशी काय लिहिलं असणार ते त्यांनीच तर शिकवलेलं. लोक बाहेर येऊन म्हणाले, किती समाधान झालं. दादाभाऊंनी सूरजच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी ओढली. का ओढली ते त्यांना सांगता येत नाही. लंकाबाईंचा तो दारातला प्रश्न सात वर्षांनी असा अचानक वर आला, धरणातलं जुनं जोतं यावं तसा. २०१६ ची वही काढली, पान काढलं. वाचन, आठ ते दहा. मग शास्त्र उघडून, तळाशी काही लिहायचं नसलेल्या माणसासारखं, त्यांनी पुढचं वाचलं.

अकराव्या वचनात एवढंच आहे, की रिस्पानं काय केलं ते दाविदाला जाऊन कोणीतरी सांगितलं. आणि मग राजा जागचा हलला. त्यानं कुठं कुठं पडलेली हाडं गोळा करवली, या मुलांचीही करवली, आणि सगळ्यांना नीट माती दिली. आणि त्यानंतर, चौदाव्या वचनाच्या शेवटी, देवानं दुष्काळात सापडलेल्या त्या देशाची विनवणी ऐकली. आधी नाही. त्यानंतर.

म्हणजे बाई बसली ते शास्त्रानं लिहून ठेवलं होतं. वाया गेली असं लिहिलेलं नव्हतं, आशा सोडली असंही नव्हतं. तिच्या बसण्यानं राजा हलला, असं लिहिलं होतं. लंकाबाईंना धर्माजींच्या समोर, अकरा घरांच्या समोर, पाळकाच्या तोंडून फक्त एवढं वाचून हवं होतं. त्यांनी समजुतीचे शब्द मागितले नव्हते, वचनं मागितली होती, आकडे सांगून मागितली होती. आणि आपण ती कापून टाकली, आपल्याला ख्रिस्तापर्यंत जायची घाई झाली होती म्हणून. दादाभाऊ त्या पेटीजवळ जमिनीवर बसून पोटभर रडले. बायको गेल्यावर इतके रडले नव्हते.

ख्रिस्ताबद्दल बोललो ही चूक झाली, असं त्यांना अजूनही वाटत नाही. रामदास आत आला तो त्याच वाटेनं आला. पण वाटेत एक बाई बसली होती, तिच्यापाशी थांबायचं सोडून आपण तिच्या अंगावरून गाडी पुढं काढली, असं ते आता म्हणतात. तेही कोणी विचारलं तरच.

फेब्रुवारीत ते घोडेगावला उतरून भीमाशंकरच्या एस.टी.त बसले आणि उंबरवाडीच्या फाट्यावर उतरले. लंकाबाई पडवीत पावटे सोलत बसल्या होत्या. पाठ वाकली होती, नजर मंद झाली होती, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. सून शेतावर होती, संस्कृती पुण्याला नर्सिंग शिकत होती. पाणी झालं, चहा झाला. मग दादाभाऊंनी पिशवीतून शास्त्र काढलं आणि म्हणाले, लंकाबाई, माझं वाचन राहिलंय.

त्यांनी अकरा ते चौदा, चारही वचनं वाचली. गावांची नावंसुद्धा गाळली नाहीत. लंकाबाईंचे ओठ त्यांच्या बरोबरीनं हलत होते. संस्कृतीनं दर वर्षी त्याच तारखेला वाचून वाचून त्यांना ती पाठ झाली होती. वाचून झाल्यावर दादाभाऊंनी माफी मागितली. सगळी मागितली, त्या वाक्याची, न वाचलेल्या वचनांची, आणि तीन वर्षं केलेल्या त्या प्रार्थनेचीही.

लंकाबाईंनी हातातली शेंग सोलून घेतली. मग म्हणाल्या, "आता वाचलंत, बरं केलं. पर मला ते ठाव व्हतं, पाळकबुवा. ते तितं वाचायचं व्हतं, समद्यांच्या म्होरं."

दादाभाऊ म्हणाले, सूरजला सांगतो, येत्या रविवारी चर्चमध्ये वाचतो, उभा राहून कबूल करतो. लंकाबाईंनी मानेनंच नको म्हटलं. धर्माजी वारले होते. अकरा घरांतली सात पुण्याला, चाकणला पांगली होती, चर्चचं कुलूप महिन्यातून एकदा निघायचं. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांतलं कोण उरलंय, असं त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर दादाभाऊंना सोपं गेलं असतं.

ऊन पडवीत आलं तशा त्या थोड्या मागं सरकल्या. चाचपून पावट्यांची सुपली बाजूला ठेवली, आणि विचारलं, की तुमच्या बाई कशा गेल्या? त्यांच्या हातचं जेवले व्हते मी, असंही म्हणाल्या.

चार महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. आजारी होती, दादाभाऊ म्हणाले, पण शेवटपर्यंत शांत होती. आता ती प्रभूजवळ आहे, तिथं दुःख नाही, आणि एक दिवस आपणही...

"ते मला ठाव हाय," लंकाबाई म्हणाल्या. "त्याच्या आधीचं सांगा."

लंकाबाईंनी घाई केली नाही. बसणं त्यांना येत होतं. बऱ्याच वेळानं दादाभाऊ बोलायला लागले ते उज्ज्वलाबाईंच्या पायांच्या सुजेपासून. मग खाणं कसं सुटलं ते सांगितलं, मग आंघोळ घालताना त्या लाजायच्या ते सांगितलं. आणि मग जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. शेवटच्या महिन्यात ती रोज एकच मागायची. मला ओतूरला न्या. माहेरच्या अंगणात घटकाभर बसू दे, मग आणा परत. आणि ते रोज तिच्या कपाळावर हात ठेवून सांगायचे, की आता ओतूर कशाला, आपलं खरं घर तर वर तयार आहे. पुढं पुढं ती मागायची थांबली. तिला समाधान मिळालं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"अर्ध्या तासाचा रस्ता आहे, लंकाबाई," दादाभाऊ म्हणाले. "जुन्नरहून ओतूर. अर्धा तास लागतो फक्त."

फाट्यावरून परतीची एस.टी. गेल्याचा आवाज आला, तरी लंकाबाईंनी त्यांना उठवलं नाही.